टीव्हीतून नको, लॅपटॉपवरच रेकॉर्ड करा
लॅपटॉपच्या पडद्यावरचं रेकॉर्ड करायचंय, लॅपटॉप टीव्हीला जोडलाय आणि आता टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय पोर्टातून (चित्र-आवाजाची केबल लागते त्या खाचेतून) रेकॉर्डरला सिग्नल काढायचा, असं तुम्ही विचारताय. तो रस्ता बंद आहे. टीव्हीचे ते पोर्ट चित्र फक्त आत घेतात, बाहेर सोडत नाहीत.

त्यापेक्षा लॅपटॉपवरच ओबीएस स्टुडिओ हे पडदा रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर टाका. फुकट आहे, सिग्नल पकडणारं कॅप्चर कार्ड-बिर्ड लागत नाही. कीबोर्डवर विंडोज आणि पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' (दोन्ही पडद्यांवर एकच चित्र) निवडा, ओबीएसमध्ये 'डिस्प्ले कॅप्चर' (अख्खा पडदा टिपणारा पर्याय) घ्या, झालं.

फाइल मात्र एमकेव्ही या व्हिडिओ-फाइलच्या प्रकारातच ठेवा, हे अनुभवाने सांगतोय. आईच्या पंचाहत्तरीचा स्लाइड शो मी साध्या एमपी४मध्ये घेत होतो. ४० मिनिटांनी वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली. फाइल दिसत होती, उघडेना! एमकेव्ही असती तर तोवरचं तरी हाती लागलं असतं. नंतर ओबीएसमधूनच 'रीमक्स' (फक्त फाइलचा प्रकार बदलणं) केलं की एमपी४ मिळते, दर्जाही उतरत नाही.

ओटीटीवरचा सिनेमा घ्यायचा बेत असेल, तर बहुधा काळा पडदाच रेकॉर्ड होईल. ती कॉपी-संरक्षणाची करामत. केबल बदलत बसू नका.