४० मीटरच्या डायपोलसाठी किती जाडीची तार घ्यावी?

प्रश्न (मालवणहून)

नमस्कार. मला नुकताच हौशी रेडिओचा परवाना मिळाला असून ७.१ मेगाहर्ट्झसाठी, म्हणजे ४० मीटर तरंगलांबीच्या बँडसाठी, घरीच डायपोल (मधोमध केबल जोडलेली, दोन सारख्या तारांची अँटेना) बांधण्याचा विचार आहे. परसात दोन माडांमध्ये सुमारे २५ मीटर अंतर आहे आणि संच ५० वॅटचा आहे. बाजारात घरगुती वायरिंगची १, १.५ आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मिळते; मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात १८ आणि २० नंबरची इनॅमलची तार आहे. तार जितकी जाड तितका संदेश लांब जातो, असे एका परिचितांचे म्हणणे आहे. ते कितपत खरे मानावे?

उत्तर १

डायपोलच्या बाबतीत फारसे खरे नाही. या वारंवारतेला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागालगतच्या सुमारे ०.०२५ मिलिमीटर थरातूनच वाहतो. आतला गाभा वजन वाढवण्यापलीकडे काही करत नाही. १ मिलिमीटर व्यासाच्या तारेचा २० मीटरचा डायपोल घेतला, तर तारेतील रोध मध्यबिंदूशी साधारण २.२ ओहम भरतो. अँटेनाचा स्वतःचा प्रारण-रोध (लहरींच्या रूपात बाहेर पडणाऱ्या शक्तीशी जोडलेला रोध) ७३ ओहमच्या आसपास असल्याने जेमतेम ३ टक्के शक्ती उष्णतेत जाते. व्यास दुप्पट केल्यास हाच तोटा दीड टक्क्यावर येतो, म्हणजे फरक पडतो तो ०.०७ डेसिबलचा. समोरच्याच्या मीटरचा काटा तेवढ्याने हलणारही नाही. ५० वॅटला मध्यभागी प्रवाहही जेमतेम ०.८ अँपिअर असतो, त्यामुळे तार तापण्याची चिंता नको.

उत्तर २

वरील हिशोब बरोबर आहे, पण तेवढ्यावरून २० नंबरची तार घेऊ नये. वाइंडिंगची तार मऊ असते आणि ताण बसला की हळूहळू लांबते. मी पहिला डायपोल तिचाच बांधला होता आणि एका पावसाळ्यात तो इतका खाली सरकला की दर महिन्याला टोके कापावी लागली. एकूण लांबी १५ सेंटिमीटरने वाढली, तरी अनुनाद (अँटेना ज्या वारंवारतेला जुळते ती) सुमारे ५० किलोहर्ट्झने उतरतो. शिवाय डायपोलच्या मधोमध संचाकडून येणारी को-ॲक्स केबल लोंबणार, तिचे वजन वेगळेच.

माझ्या मते १.५ चौरस मिलिमीटरची पीव्हीसी आवरणाची वायर घ्यावी. २० मीटरमधले तांबे पाव किलोहून थोडेच जास्त भरते आणि आवरणामुळे खाऱ्या हवेपासून संरक्षण मिळते, २.५ ची घेतल्यास वजन वाढेल, पदरात मात्र काही पडणार नाही. १४३ भागिले ७.१ या सूत्राने एकूण लांबी २०.१ मीटर येते, पण आवरण असलेली तार दोन ते पाच टक्के आखूडच लागते. म्हणून आधी पूर्ण लांबीची कापून वर चढवावी आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचे माप) पाहत दोन्ही बाजूंनी सारखी कमी करत यावी. केबलचा सांधा आणि वायरची उघडी टोके रबरी टेपने घट्ट बंद करावीत, कारण पाणी एकदा तारांच्या पिळात शिरले की ते आवरणाखालून आत झिरपत जाते आणि तांबे काळे पडते.

माड वाऱ्यात किती डोलतो, हे आपल्याला सांगायला नको. दोन्ही टोके पक्की बांधल्यास पहिल्या वादळात वायर तुटेल. एक टोक कप्पीवरून घेऊन दोरीला दोन-तीन किलोचे वजन टांगावे. जवळून विजेची लाइन जात असेल, तर तुटलेली वायर कोणत्याही स्थितीत तिच्यावर पडणार नाही, अशीच जागा निवडावी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. १.५ चीच घेतो. उरलेल्या वायरीचा १ मीटर व्यासाचा लूप करून मुंबईच्या फ्लॅटच्या गॅलरीत याच बँडवर वापरता येईल का?

उत्तर १

तिथे मात्र आपल्या परिचितांचे म्हणणे खरे ठरते. एवढ्या लहान लूपचा प्रारण-रोध ७ मेगाहर्ट्झला अवघा ०.००६ ओहम असतो, तर तेवढ्या वायरीचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास भरतो. म्हणजे शंभरातला जेमतेम एक भाग बाहेर पडेल आणि बाकीचा वायर तापवण्यात जाईल. २२ मिलिमीटर व्यासाची तांब्याची नळी वापरली आणि सांधे नीट झाळले, तर ही कार्यक्षमता जास्तीत जास्त १५ टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. लूप अनुनादात आणणाऱ्या कपॅसिटरचा तोटा त्यातून आणखी वजा होईल. उरलेली वायर डायपोलच्या दुरुस्तीसाठी ठेवावी.