मदत हवी आहे: खदान बंद झाल्यावर गावाने काय करावं?

नमस्कार मंडळी,

चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या शिवेवर, वर्धा नदीजवळ आमचं गाव आहे. मी ग्रामपंचायतीत सदस्य आहे आणि खदानीवरच्या ड्रायव्हर लोकांना डबे पुरवते. गावाला लागूनच कोळशाची खुली खदान आहे. कोळसा आता पाच-सहा वर्षं पुरेल असं तिथले जुने कामगार सांगतात, आणि पुढच्या विस्ताराचं नाव कोणी काढत नाही. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मला हा विषय मांडायचा आहे, पण नेमकं काय मागायचं तेच ठरत नाही.

आमचं अडीच एकर वावर खदानीत गेलं. दोन एकरांमागे एक नोकरी, या हिशोबाने भासऱ्यांना कायम नोकरी लागली. खदान बंद झाली तर त्यांची बदली होईल, पगार चालू राहील, पुढे पेन्शन मिळेल. त्यांची चिंता नाही. माझे मिस्टर मात्र ठेकेदाराच्या टिप्परवर आहेत. ठेका संपला की हजेरीपटावरचं नावही संपतं.

मागच्या आठवड्यात मी डब्यांची वही उघडून बसले. रोज 38 डबे जातात. त्यातली 11 पोरं बाहेरगावची, ती आमच्याच गावात सात घरांमध्ये भाड्याने राहतात. त्या सातपैकी तीन घरांत एकट्या बाया आहेत आणि भाडं हीच त्यांची मिळकत. पोळ्या लाटायला माझ्याकडे दोघी येतात. दूध दोन घरांतून येतं, किराणा चौकातून. पंक्चरवाला, चहाची टपरी, काट्यावर नोंदी लिहिणारी दोन पोरं, असं एकाला लागून एक मोजत गेले तर तिसाच्या वर घरं झाली. यातलं एकही घर खदानीच्या कुठल्या कागदावर नाही. खदान बंद होईल त्या दिवशी यांना कोण मोजणार?

शेतीकडे वळा, असं सगळेच सांगतात. मी शेतकऱ्याचीच मुलगी आहे, शेती मला परकी नाही. पण रस्त्याकडेच्या वावरात कापूस वेचून बघा, बोटं काळी होतात आणि व्यापारी त्या कापसाला भाव पाडून मागतो. उन्हाळ्यात विहिरींना पाणी नसतं. शिवाय ज्यांचं वावरच गेलं ते वळणार कुठे?

बंद होणाऱ्या खदानीकडून गावाला कायद्याने काय मागता येतं? गेलेली जमीन कधी परत मिळते का? आणि दुसऱ्या कुठल्या गावाने हे निभावलं असेल तर कसं? कृपया ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा. नुसता धीर देऊ नका, तो आम्ही एकमेकांना रोजच देतो.

प्रतिसाद: निवृत्त सर्व्हेअर, चंद्रपूर

ताई, आयुष्यभर खाणीच्या सर्व्हेचं काम केलं, म्हणून मोठा प्रतिसाद देतो.

'जुने कामगार सांगतात' यावर विसंबू नका. खाण बंद कशी करायची याचा आराखडा आधीच मंजूर करून घेणं 2009 पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सक्तीचं आहे. खाणीचं उरलेलं आयुष्य, शेवटी राहणाऱ्या खड्ड्याची खोली आणि क्षेत्रफळ, मातीच्या ढिगाऱ्यांचं काय करणार, हे सगळं त्यात नकाशासकट असतं. माहितीच्या अधिकारात अर्ज करताना 'माइन क्लोजर प्लॅन' हेच शब्द लिहा, सोबत नकाशे मागा. पर्यावरण मंजुरीतल्या अटी आणि त्यांचे सहामाही अनुपालन अहवालही मागा. गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराला बसवून तो खड्डा नकाशावर तुमच्या गावापासून किती मीटरवर येतो ते मोजून घ्या.

या कामासाठी कंपनीला एस्क्रो खात्यात, म्हणजे काम तपासल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत अशा राखीव खात्यात, पैसे बाजूला ठेवावे लागतात. 2009 च्या सूचनांत खुल्या खाणीसाठी हेक्टरी 6 लाख रुपये असा मूळ दर होता, 2020 मध्ये तो 9 लाख झाला. झालेलं काम तपासलं की त्यातून कंपनीला परतफेड मिळते. म्हणून बोलायची वेळ आत्ताची आहे. एकदा काम झालं असा शेरा पडला की मग तुमच्या अर्जाला फार किंमत राहत नाही.

जमिनीबद्दल स्पष्ट सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. कोळसाधारक क्षेत्र कायदा, 1957 खाली घेतलेली जमीन मूळ शेतकऱ्याला परत मिळत नाही. केंद्र सरकारने 2022 मध्ये ठरवलं की कोळसा काढून झालेली किंवा खाणीला निरुपयोगी जमीन सरकारी कोळसा कंपनीला ठरावीक कामांसाठी भाडेपट्ट्याने देता येईल, मालकी मात्र कंपनीकडेच राहील. म्हणजे सातबारावर नाव परत येणार नाही. पण त्या जमिनीवर उद्या सौर प्रकल्प आला तर त्यात गावाचे किती हात लागतील, हा प्रश्न आजच लेखी विचारता येतो.

दुसरा पैसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा. खाण कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनंतर जुन्या खाणींच्या रॉयल्टीवर (खनिजापोटी सरकारला द्यायच्या रकमेवर) 30 टक्के आणि लिलावाने दिलेल्या खाणींच्या रॉयल्टीवर 10 टक्के रक्कम जिल्ह्याच्या या निधीत जमा होते. ती कोळसा निघतो तोवरच येते. पाच वर्षांनी मागायला गेलात तर विहीर आटल्यावर दोर टाकल्यासारखं होईल. सभामंडप आणि सिमेंट रस्ते सगळेच मागतात. तुम्ही पाणी आणि पोरांचं प्रशिक्षण मागा.

आणि आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं वरोरा विसरू नका. तिथली खाण 1906 साली बंद झाली. तिच्यासाठी टाकलेली वर्ध्याची रेल्वेलाईन मात्र राहिली, पुढे बल्लारशाकडे वाढली आणि आज दिल्ली-चेन्नईच्या गाड्या त्याच मार्गाने जातात. तुमच्या खदानीसाठी आलेला रस्ता, वीजवाहिनी, पाण्याचे पंप, कार्यशाळेची शेड यातलं काय गावाच्या कामाचं आहे त्याची यादी करा. बंद होताना भंगारात पहिल्यांदा याच वस्तू जातात.

प्रतिसाद: एसेन, जर्मनी

मूळची नागपूरची, नोकरीनिमित्त रूर या जर्मनीतल्या जुन्या कोळसा पट्ट्यात राहते. इथलं उदाहरण सगळीकडे दिलं जातं म्हणून थोडी सावध करते.

1957 साली पश्चिम जर्मनीत दगडी कोळशाच्या खाणींत सहा लाखांवर माणसं होती. शेवटची खाण बॉट्रॉपला, ती 21 डिसेंबर 2018 ला बंद झाली. म्हणजे उतरण साठ वर्षं चालली. या काळात बोखुमचं विद्यापीठ उभं राहिलं (1965 मध्ये वर्ग सुरू झाले), आणि खाण कामगारांना टप्प्याटप्प्याने दुसरीकडे किंवा लवकर निवृत्तीत सामावून घेतलं. माझ्या घराजवळची त्सोलफेराइन खाण 1986 ला थांबली, 2001 पासून ती जागतिक वारसा आहे. बघायला खूप सुंदर आहे. पण हा शहरांचा पट्टा आहे, एकाला लागून एक गाव. तुमच्या गावाला संग्रहालय सुचवणाऱ्यांना विचारा, तिकीट काढून येणार कोण?

तुमच्याशी जास्त जुळतो तो पूर्वेकडचा लाउझित्स. खेडी, शेती आणि लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खुल्या खाणी. 1990 मध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाल्यानंतर तिथे काही वर्षांतच हजारोंच्या नोकऱ्या गेल्या आणि तरुण, त्यातही तरुण मुली, गाव सोडून गेल्या. आता 2038 पर्यंत कोळसा पूर्ण थांबवायचा म्हणून सरकारने देशभरातल्या कोळसा भागांसाठी 40 अब्ज युरोपर्यंतची तरतूद केली आहे. पण गेलेल्या मुलींना परत आणणं पैशाला फारसं जमलेलं नाही. म्हणून ताई, तुमच्या यादीत पोळ्या लाटणाऱ्या दोघी आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या तिघी पहिल्या पानावर ठेवा. टिप्पर ड्रायव्हरला दुसरीकडे टिप्पर मिळेल, तो जाईल. त्या कुठे जाणार?

खड्ड्याचा तलाव करण्याचं इथे खूप कौतुक आहे. त्याची दुसरी बाजूही सांगते. 2009 च्या जुलैमध्ये नाख्टरश्टेट गावात जुन्या खाणीच्या तलावाचा काठ घसरला, घरं पाण्यात गेली, तीन माणसं गेली. काठ किती तिरपा ठेवणार आणि तो कोण तपासणार, हे लिहून घेतल्याशिवाय तलावाला हो म्हणू नका.

प्रतिसाद: भंडाऱ्याहून

खड्ड्याच्या पाण्यात मासे होतात. झारखंडच्या रामगड जिल्ह्यात बंद खाणीच्या पाण्यात पिंजरे टाकून गावातले लोक मत्स्यपालन करतात. पण आमचा तलावांचा जिल्हा, त्यामुळे अनुभवाने एक सांगतो: पाणी तयार झाल्यावर हक्कासाठी भांडण होतं. तुमच्याकडे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची सहकारी संस्था असेल तर तिचं नाव ठरावात आत्ताच घाला. आधी पाण्याची तपासणी करून घ्या. आणि पोरांना आजपासून सांगा, खाणीच्या पाण्यात पोहायला उतरायचं नाही. तलावासारखा उतार तिथे नसतो, दुसऱ्याच पावलाला बुडता येतं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, माहितीच्या अधिकारातला अर्ज टाकला आहे, नकाशांसकट. एसेनच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी पोळ्या लाटणाऱ्या दोघींना वाचून दाखवला. त्यातली एक बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "माझं नाव लिवा, पण नवऱ्याच्या नावाखाली नको, येगळं लिवा."

तेव्हापासून घरोघरी फिरतोय. एक रजिस्टर केलं आहे. घरातलं कोण कमावतं, खदानीमुळे किती येतं, खदान नसती तर काय येतं, हातात कसब कोणतं. आतापर्यंत 64 घरं झाली. एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती: आठ पोरांना डिझेल इंजिनचं काम चांगलं येतं, पण एकाकडेही आयटीआयचा कागद नाही. खनिज निधीतून पहिलं हेच मागू असं वाटतं, की आहे त्या कामाची परीक्षा घेऊन यांना प्रमाणपत्र द्या. काही जणांना सौर पंपाची दुरुस्ती शिकायची आहे, आमच्याकडे आता बऱ्याच वावरांत ते पंप बसले आहेत.

आता अडलंय ते इथे. ठरावाचा मसुदा घेऊन ग्रामसेवकांकडे गेले. ते चांगले आहेत, सगळं वाचलं. मग विचारलं, "या डबेवाल्या, खोलीवाल्या बाया कोणत्या सदरात दाखवू? प्रकल्पग्रस्त म्हणजे ज्यांची जमीन गेली ते. यांची जमीन नाही, नोकरी नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. 2013 च्या भूसंपादन कायद्यात जमीन नसलेल्या, पण त्या जमिनीवर पोट असलेल्या कुटुंबांनाही बाधित धरलं आहे असं वाचलं, पण तो जमीन घेतानाचा विषय झाला. खाण बंद होतानाच्या बाधितांसाठी कोणी कुठे ठरावात शब्द वापरला असेल, तर तो ठराव मला जसाच्या तसा हवा आहे. ग्रामसभेला अजून 19 दिवस आहेत.