मदत हवी आहे : लेट कोलिजनचे कारण केबल की डुप्लेक्स?

आमच्या शाळेच्या संगणक कक्षातून ग्रंथालयापर्यंत सुमारे ८० मीटर लांबीची जुनी कॅट-५ई नेटवर्क केबल गेलेली असून, तिथल्या संगणकावर मोठी फाइल उतरवू लागताच वेग पार मंदावतो, स्विचच्या त्या पोर्टवर लेट कोलिजनचे (डेटाच्या उशिरा होणाऱ्या टकरींचे) आकडे वाढत जातात आणि संगणकाच्या नेटवर्क कार्डावर सीआरसी त्रुटी (डेटा वाटेत बिघडल्याची खूण) दिसतात. पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) मात्र सुरळीत चालते.

काल केबलच्या टोकाचा आरजे-४५ कनेक्टर भिंगाखाली पाहिला, तेव्हा हिरवी जोडी ३-४ वर आणि निळी ५-६ वर बसवलेली आढळली. दोन्ही टोकांना हाच क्रम असल्याने साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतात; परंतु ३ आणि ६ या पिनांवर एकाच पिळाच्या तारा हव्यात, तशा त्या नाहीत.

शिवाय कार्ड १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्सवर (एकाच वेळी पाठवणे आणि घेणे) कायम केलेले आहे आणि स्विच ऑटोवर (समोरच्याशी बोलून आपोआप ठरवणे) आहे, त्यामुळे स्विच हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकच दिशा) उतरला असावा, असा माझा तर्क आहे.

दोन्ही दोष दुरुस्त करणारच आहे. तरी महागडा केबल विश्लेषक नसताना कोणत्या दोषाचा वाटा किती, हे वेगळे कसे ओळखावे? कार्ड ऑटोवर आणल्यानंतर नेमके कोणते आकडे पाहावेत, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.