कीर्तनातला सूर आणि समोर बसलेला माणूस

कीर्तनकाराने व्यसनासारख्या विषयावर श्रोत्यांना फटकारलेच पाहिजे, गोड बोलून कोणी सुधारत नाही, असे काही जण म्हणतात आणि त्यासाठी गाडगेबाबांचा दाखला देतात. बाबा रोखठोक होते, हे अगदी खरे. कर्ज काढून सण करणे, दारू, नवसाचे बकरे, शिवाशिव यांविषयी बोलताना त्यांनी कोणाचीही भीड ठेवली नाही. परंतु त्या रोखठोकपणात तुच्छता नव्हती, आणि माझ्या मते सारा फरक तिथेच पडतो. ज्या गावात जायचे तिथले रस्ते ते आधी खराट्याने झाडत आणि रात्री त्याच गावकऱ्यांपुढे उभे राहून, वऱ्हाडी बोलीत, साधे साधे प्रश्न विचारत. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून येई, त्यामुळे चूक कबूल करताना कोणा एकाला मान खाली घालावी लागत नसे.

आमच्या गावच्या सप्ताहात एका कीर्तनकारांनी दारूवर बोलता बोलता मागे बसलेल्या एका गृहस्थाकडे बोट दाखवले. मांडवात हशा पिकला. तो चपला हातात घेऊनच बाहेर पडला आणि काल्याच्या दिवसापर्यंत पुन्हा फिरकला नाही. महाराजांचा शब्द न् शब्द बरोबर होता, पण ज्याच्यासाठी होता त्याच्यापर्यंत तो पोचलाच नाही, याचे मला आजही वाईट वाटते. बाबा असते तर बाजाराच्या दिवशी घरी काय काय आणले, हे त्यांनी बहुधा साऱ्या मांडवालाच विचारले असते.