लालबाग-परळच्या मराठी शाळा आपणच रिकाम्या केल्या

चाळकरी:
आमच्या चाळीतली सगळी पोरं समोरच्या महापालिकेच्या शाळेत शिकली, एका बाकावर तिघं बसायचो. परवा मतदानाला त्याच वर्गात गेलो तर फळ्यावर लिहिलेलं, इयत्ता तिसरी, पट ११, हजर ८. पोटात कालवलं. दप्तर, बूट, रेनकोट धरून २७ वस्तू फुकट मिळतात, दुपारी खिचडी, तरी आपण कर्ज काढून इंग्लिश मीडियमची फी भरतो. आधी पोरं आपण काढली, मग शाळा खंगली.

दोघांची आई:
दादा, राग मानू नका पण हे पटलं नाही. माझी मोठी पालिकेच्याच शाळेत होती, पहिली-दुसरी एका बाईंकडे आणि त्या बाई मतदार याद्यांच्या कामाला, पोरं नुसती बसून. धाकट्याला इंग्लिशला घातला. मी स्वतः मराठी माध्यमातली, इंटरव्ह्यूला तोंड उघडत नव्हतं, ते त्याच्या वाट्याला नको.

माजी शिक्षिका:
ताईंचा अनुभव खराय, पण बाईंना दोष देऊ नका. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असला की शिक्षक दोनच, म्हणजे पाच वर्ग दोघांत. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याची बदली होते, वर्ग एकत्र बसतात आणि ते बघून आणखी चार पालक दाखला न्यायला येतात. हे चक्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

डोंबिवलीकर:
पोरंच कुठे उरलीत तिथे? ८२ च्या गिरणी संपानंतर आमच्यासारखी घरं डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली, गिरण्यांच्या जागी टॉवर आले, त्यातली मुलं पालिकेच्या शाळेत कधी येणार? आणि २०२० पासून पालिकेनेच जोगेश्वरीत पूनम नगरला सीबीएसई, माहीमला वूलन मिल शाळेत आयसीएसई सुरू केलं, तिथे प्रवेशाला सोडत काढायची वेळ आली. म्हणजे पालकांना पालिका चालते, मराठी माध्यम नकोय.

चाळकरी:
नाही, मराठी नको असं नाही, तिथे शिकवायला माणूस आहे हे दिसतं म्हणून जातात. तेच इथे करा ना, पट कितीही असो, प्रत्येक वर्गाला एक शिक्षक आणि पहिलीपासून चांगलं इंग्रजी. ताई, असं झालं तर धाकट्याला आणाल?

दोघांची आई:
वर्गाला एक बाई वर्षभर राहणार असं पालिकेने लेखी दिलं तर येत्या जूनमध्ये मी स्वतः त्याचा दाखला घेऊन येते. पण आधी बाई येऊ द्या, मग पोरगा.