हॉलला रंग, चित्रं, थोडी सजावट: लवकर सुचवा! (मंगळागौर तोंडावर आलीये)

ओसरी
नमस्कार मंडळी. आमचा हॉल अगदी मरगळलेला दिसतोय. सोफ्यामागच्या भिंतीला वेगळा रंग द्यायचाय, वर एखादं मोठं चित्र नाहीतर चार-पाच लहान, आणि जमल्यास थोड्या बारीकसारीक वस्तू. बजेट बेताचं. श्रावणात जावेची पहिली मंगळागौर आमच्याकडे आहे, त्याआधी उरकायला हवं. रंगारी उद्या शेड नंबर मागतोय आणि माझं मोरपंखी की राखाडी हेच ठरत नाहीये. पटकन सांगा. जुने धागे चाळले, सगळे वीस-पंचवीस लाखांच्या इंटिरियरचे आहेत.

कोपरकर
हॉल केवढा? खिडकी कुठल्या दिशेला? फरशी कसली? घर स्वतःचं की भाड्याचं? एवढं कळल्याशिवाय मोरपंखी की राखाडी म्हणजे छापा-काटाच.

ओसरी
नेहमीसारखाच हॉल आहे हो, दहा बाय पंधरा. सोफा तपकिरी. फक्त रंग सांगा ना.

सदाफुली
मोरपंखी! डोळे मिटून! आमच्याकडे आहे, त्यावर पितळेची घंगाळं आणि समया काय उठून दिसतात म्हणून सांगू. फोटो टाकते रात्री.

कोपरकर
सदाफुली, तुमच्या हॉलला गच्ची आहे हे तुम्हीच दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतंत. उजेड भरपूर असला की मोरपंखी खुलतो, नसला की संध्याकाळी काळा दिसतो. ओसरी, दिशा सांगा.

ओसरी
डोंबिवलीत कसली दिशा! खिडकीसमोर दुसरी बिल्डिंग आहे. उत्तर असावी बहुतेक. दिवसा पण ट्यूब लावावी लागते.

कोपरकर
हे आधी सांगायचं! उत्तरेकडून थेट ऊन फारसं येत नाही, तो उजेड निळसर, थंड असतो. त्यात राखाडी म्हणजे हॉल नव्हे, सरकारी दवाखाना. उबदार रंग घ्या: हळदीकडे झुकणारा पिवळा, फिकट गेरू, भाजलेल्या विटेचा. आणि शेडकार्डवरच्या टिकलीवर विश्वास ठेवू नका. छोटा डबा आणून पुठ्ठ्यावर दोन फूट बाय दोन फूट रंगवा, तो पुठ्ठा भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवा लावल्यावर बघा. रंगाऱ्याला म्हणावं दोन दिवस थांब.

वास्तुविचार
भिंत नैऋत्येला असेल तर मोरपंखी अजिबात नको, तिथे जलतत्त्वाचा रंग चालत नाही. सोफाही फिरवून घ्या. आमच्या ओळखीत एकांनी...

झेंडूबाम
नैऋत्येला बिल्डरने बाथरूम काढून ठेवलंय ते कुठे फिरवायचं काका? (हलके घ्या.)

ओसरी
झेंडूबाम, तुम्हाला कसं कळलं? त्या भिंतीमागे खरंच बाथरूम आहे :)

मिस्त्री नंबर दोन
मी इतके दिवस वाचनमात्र होतो, आता राहवेना. रंगकामाचाच धंदा आहे. ताई, भिंतीमागे बाथरूम आणि बाहेर पाऊस. खाली पोपडे आलेत का?

ओसरी
थोडे आहेत, फूटभर उंचीपर्यंत. पण ते सोफ्यामागे झाकले जातात. रंगारी म्हणाला घासून पुट्टी मारतो, कळणारही नाही.

मिस्त्री नंबर दोन
श्रावणापर्यंत कळणार नाही. गणपतीला कळेल.
पोपडे का येतात ते सांगतो. पाणी भिंतीतून येताना विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून आणतं. पाणी उडून जातं, क्षार भिंतीच्या तोंडाशी येऊन साठतात आणि वरचा थर ढकलतात. पुट्टी, प्रायमर, इमल्शन रंगाचे दोन हात, काहीही मारा, ढकलले जाणारच. उलट भारीतला प्लॅस्टिक पेंट ओल आत कोंडतो, त्याला फुगे येतात. आधी बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांत ग्राउट भरून घ्या, नळाची गळती बघा, मग भिंत सुकू द्या. पावसाळ्यात ती सुकायला महिने लागतात.
खात्री करायची असेल तर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा. एक-दोन दिवसांनी आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूला दिसले तर हवेतली.

चकचकीत
एवढा खटाटोप कशाला? वॉलपेपर लावा. एका दिवसात काम, पोपडे गायब. आम्ही विटांच्या डिझाइनचा लावलाय, येणारा प्रत्येक जण हात लावून बघतो.

मिस्त्री नंबर दोन
ओल्या भिंतीवर वॉलपेपर? कागदाच्या मागे बुरशी धरेल. वास येईल तेव्हा पाहुणे हात नाही, नाक लावतील.

चकचकीत
आमच्याकडे नाही धरली.

मिस्त्री नंबर दोन
तुमच्या भिंतीमागे बाथरूम आहे का?

चकचकीत
नाही, बेडरूम आहे. पण मुद्दा तो नाही.

झेंडूबाम
मुद्दा तोच आहे.

पुतळाबाई
मी मागच्या महिन्यात किचनला टँडम ट्रॉल्या करून घेतल्या. स्टीलच्याच घ्या, प्लायवूडच्या नको, झुरळं होतात. कुणाला माहिती हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ओसरी
पुतळाबाई, ट्रॉल्या नकोयत हो. बरं, ती भिंत बाद समजू. पण चित्रं लावायची कुठे? घरमालक खिळे ठोकू देत नाहीत. रंग चालेल म्हणालेत, सोडताना पांढरा करून द्यायचा.

कोपरकर
म्हणजे भाड्याचं! हा माझ्या पहिल्याच प्रतिसादातला प्रश्न होता!! ओल असेल तर खर्च सहसा मालकाचा. त्यांना आज फोन करा, आणि लेखी कळवा, नाहीतर सोडताना पोपड्यांचे पैसे तुमच्या डिपॉझिटमधून जातील.

ऱ्हाइनकाठ
अवांतर: इकडे जर्मनीतही घर सोडताना गडद रंगाच्या भिंती पांढऱ्या-फिकट करून द्याव्या लागतात. त्यामुळे बरेच जण स्वतःच रोलर घेऊन भिडतात, रंगाऱ्याची मजुरी परवडत नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, एवढ्यासाठी शिकलास का.

सदाफुली
खिळे नको असतील तर चिकटपट्ट्यांचे हूक मिळतात की. आमच्याकडे आरसा लटकलाय.

मिस्त्री नंबर दोन
थांबा. आधी भिंतीवर बोट घासून बघा. पांढरी भुकटी लागली तर साधा डिस्टेंपर (खडूचा स्वस्त रंग) आहे. त्यावर पट्टी भिंतीला चिकटत नाही, भुकटीला चिकटते. फ्रेम रात्री खाली येते आणि सोफ्यावर कुणी झोपलेलं असतं. इमल्शन असेल तर हलक्या फ्रेमला हरकत नाही, आणि पट्टीवर लिहिलेल्या वजनाच्या निम्मंच टांगा. काचेऐवजी अॅक्रिलिक घाला, हलकं पडतं.

ओसरी
बोट घासलं. पांढरं झालं :(

मैनाक
मग टांगूच नका. टीव्ही युनिटवर, शू रॅकवर, खिडकीच्या कठड्यावर फ्रेम टेकवून ठेवा. मोठी एक मागे, लहान दोन पुढे, एकमेकींवर थोड्या आलेल्या. पडद्याचा दांडा आधीच असेल तर त्यावरून कापडही सोडता येतं. कर्नाटकातल्या गुळेदगुडचा खण घ्या, दोन मीटर पुरे. इरकली काठ लावून घेतलात तर पाहुण्या त्याचीच चौकशी करतील. उरलेल्याचे उशांचे अभ्रे. अख्खा सोफा खणाने मढवू नका, दोन उशा आणि एवढंच.
चित्रांसाठी मुंबईत येणं होत असेल तर जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर कलाकार बसतात, छोटी मूळ चित्रं मिळतात. छापील कॅनव्हासपेक्षा बरी.

सदाफुली
वारली घ्या! भाताच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाची, गेरूवर. रंगही उबदार झाला आणि आपलंही.

तारपा
वारली घ्या, पण कुशनवर छापलेली नको. ते चित्र मुळात लग्नाचा चौक म्हणून कुडाच्या भिंतीवर यायचं, सवाष्णी काढायच्या, मधे पालघट देवी. जिव्या सोमा मशे यांनी ते १९७०च्या दशकात कागदावर आणलं, रोजच्या जगण्याची चित्रं काढली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज रिक्षाच्या मागे, चहाच्या कपावर, सोसायटीच्या गेटवर सगळीकडे तीच त्रिकोणी माणसं, आणि निम्म्या ठिकाणी तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणाराच गायब. डहाणूकडे काढणाऱ्यांकडून थेट घ्या, पैसे त्यांच्या हातात जातील.

झेंडूबाम
पुढच्या आठवड्यात मंगळागौर आणि ताईंना डहाणूला पाठवताय!

तारपा
मग सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी (गोष्ट सांगायची चित्रं) बघा. तीही घाईत मिळणार नाही म्हणा. पण दर वेळी वारलीच का, एवढाच माझा मुद्दा.

मैनाक
आजीच्या घरी रविवर्म्याची ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी छापील चित्रं) असतील तर तीच फ्रेम करा. मळवलीच्या छापखान्यातली जुनी प्रत निघाली तर मात्र कोपऱ्यात फाटलेलीसुद्धा फेकू नका, आणि ओलीच्या भिंतीजवळ तर ठेवूच नका.

कोपरकर
चित्रं सावकाश घ्या, आधी दिवा बदला. ट्यूब बहुधा ६५०० केल्विनची असेल, पांढरीफटक. तिच्याखाली कुठलाही रंग आजारी दिसतो. एक उभा दिवा २७०० किंवा ३००० चा, म्हणजे पिवळसर, सोफ्याच्या कोपऱ्यात. रंगाच्या निम्म्याहून कमी पैशांत हॉल बदलतो, आणि घर सोडताना बरोबर नेता येतो.

चकचकीत
पिवळ्या दिव्यात डोळे दुखतात. वाचायला काय करणार?

कोपरकर
मंगळागौरीला वाचन?

पिंगा
खरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये खेळणार कुठे? फुगडी घालताना शू रॅकवर टेकवलेल्या फ्रेमा पहिल्या पडतील. उभा दिवाही. आमच्याकडे सूपं नाचवताना एक सूप पंख्याला लागलं होतं. त्या दिवशी सोफा बाहेर काढावाच लागेल, म्हणजे पोपडे दिसणार ते दिसणारच.

सदाफुली
अगं बाई, खरंच! ओसरी, खेळायला ग्रुप बोलावणार आहात का? ठाण्यातला चांगला असेल तर मलाही नंबर हवाय, भाचीची आहे.

अंगणवाडी
मलाही.

मिस्त्री नंबर दोन
पोपड्यांवर तात्पुरतं काही करायचंच असेल तर सुटे तेवढे खरवडून काढा, ब्रशने झाडा, तसंच राहू द्या. पुढे केळीचे खांब नाहीतर झेंडूच्या माळांचा पडदा. तो एका दिवसासाठीच असतो.
रंग द्यायचाच तर समोरच्या, टीव्हीच्या भिंतीला द्या, ती कोरडी असणार. डिस्टेंपर खरवडून, प्रायमर मारून मगच इमल्शन, नाहीतर थर सुटेल. दहा बाय नऊची धरली तर दोन हातांना दोन लिटर पुष्कळ. चार लिटरचा डबा आणायला सांगेल, ऐकू नका.

ओसरी
सगळ्यांचे आभार. मालकांशी बोलणं झालं, प्लंबर पाठवतो म्हणाले, कधी ते नाही सांगितलं. रंगारी शनिवारी फक्त टीव्हीच्या भिंतीला हात लावेल. दोन पुठ्ठे रंगवलेत, एक गेरू आणि एक सदाफुलीसाठी मोरपंखी. मोरपंखी दुपारीसुद्धा काळाच दिसतोय. खण उद्या बघते. आणि सोफा सासूबाईंच्या खोलीत जाईल, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

वास्तुविचार
टीव्हीची भिंत कुठल्या दिशेला?

झेंडूबाम
काका, सोफ्यासमोर!