मदत हवी आहे: नदीकाठी फ्लॅट घ्यावा का?

शहराला लागून नदीकाठी छोटंसं उपनगर आहे, तिथे तळमजल्यावरचा फ्लॅट बघून आलोय, जागा मस्त, शांत, बायकोला तर नदी बघूनच आवडला. पण जिन्याखाली भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला मातकट रेघ दिसली आणि विजेचे मीटर सगळे पार डोक्याच्या वर बसवलेत, एजंट म्हणतो ओल आहे, रंग दिला की जाईल (ओल अशी सरळ रेषेत येते होय?). शंभर वर्षांतला पूर म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता, ३० वर्षांच्या कर्जात ती जवळपास २६ टक्के होते, हे कळल्यापासून झोप उडालीय. पूररेषेच्या नकाशात नेमकं काय बघायचं? आणि वरचा मजला घेतला तरी लिफ्ट, पार्किंगचं काय? कुणी राहिलंय का अशा ठिकाणी, सांगा प्लीज.